हिवाळ्यातील मरळीसाठी ल्युअर : नागपूर परिसरातील तलावांच्या दृष्टीने एक परीक्षण

हिवाळ्यात नागपूर परिसरातील तलावांवर मरळीसाठी एकच ल्युअर, म्हणजे कृत्रिम आमिष, विकत घ्यायचा असेल, तर तो तीन ते साडेतीन इंच लांबीचा, मऊ प्लास्टिकचा, चपट्या शेपटीचा आणि गळाचे टोक अंगातच दडवता येणारा मासा असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आणखी एकासाठी पैसे असतील तर लहान आकाराचा पोकळ रबरी बेडूक घ्यावा. धातूचे चमचे, फिरक्या आणि कडक अंगाचे मासे यांचा विचार त्यानंतर, आणि तोही तलाव पाहूनच करावा. पावसाळ्यात याच तलावांवर बेडकाला तोड नसते हे मान्य करूनही मी हिवाळ्यासाठी हा क्रम बदलतो. त्याची कारणे आणि बाजारात मिळणाऱ्या निरनिराळ्या ल्युअरचे गुणदोष येथे मांडत आहे.

नागपूर म्हटले की लोकांना मे महिना आठवतो, थंडीची फारशी दखल कोणी घेत नाही. प्रत्यक्षात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान दहा-बारा अंशांवर येणे हे येथे नेहमीचेच आहे, आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी तर ते ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. मासा हा थंड रक्ताचा प्राणी असल्यामुळे पाणी गार झाले की त्याचे पचन मंदावते, भूक कमी होते आणि भक्ष्यामागे लांबवर धावण्याची त्याची तयारी राहत नाही. त्यातच मरळीचा विणीचा काळ मुख्यतः पावसाळ्याचा असतो. त्या दिवसांत पिलांचा घोळका राखणारी जोडी समोरून जाणाऱ्या कोणत्याही वस्तूवर चवताळून तुटून पडते, म्हणून मोठा, खळखळ आवाज करणारा ल्युअरही तेव्हा चालून जातो. राखणीवरच्या जोडीला उचलणे म्हणजे सगळी पिले इतर माशांच्या तोंडी देणे होय, त्यामुळे तसे करू नये हे वेगळे सांगायला नको. हिवाळ्यात हा राग नसतो. जी मरळ गळाला येते ती भुकेपोटी येते, आणि ती भूकही बेताचीच असते. त्यामुळे घास लहान हवा, तो सावकाश जायला हवा आणि तिच्या तोंडापासून फार दूर असता कामा नये. पुढील सर्व निवड याच तीन गोष्टींवर अवलंबून आहे.

इंग्रजीत हिवाळी ल्युअरविषयी जे विपुल लेखन आहे, त्यातील काही भाग अमेरिकेतील स्ट्राइप्ड बास या माशाला उद्देशून असतो. आपल्याकडील अनेक तरुण शौकीन तेच वाचून खरेदी करतात, म्हणून त्याचा विचार करणे भाग आहे. स्ट्राइप्ड बास हा मुळात अटलांटिक किनाऱ्यावरचा, अंडी घालण्यासाठी नद्यांमध्ये चढणारा मासा आहे. दक्षिण कॅरोलायनातील सँटी-कूपर प्रकल्पाची धरणे १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला उभी राहिल्यावर, गोड्या पाण्याच्या जलाशयात अडकूनही तो वाढतो आणि प्रजनन करतो, असे आढळले. पुढे टेक्सास व ओक्लाहोमा यांच्या सीमेवरील लेक टेक्सोमासारख्या अनेक जलाशयांत तो सोडण्यात आला. हिवाळ्यात तो तेथे खोल, उघड्या पाण्यात शॅड नावाच्या चंदेरी माशांच्या थव्यांमागे फिरतो. त्यांपैकी थ्रेडफिन शॅड थंडीला फार नाजूक असतो आणि पाणी ५ ते ७ अंशांवर आले की तडफडत, गिरक्या घेत खाली जाऊ लागतो. तिकडचे लोक बोटीवरील सोनारवर, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचे दाखवणाऱ्या यंत्रावर, थवा शोधतात आणि जड धातूचा चमचा किंवा केसाळ जिग (जड डोक्याचा गळ) सरळ खोल सोडून जागच्या जागी वरखाली हलवतात, ते याच कारणाने. त्या माशासाठी आणि त्या पाण्यासाठी ही पद्धत अगदी योग्य आहे.

मरळीचा स्वभाव याच्या उलट आहे. कल्ल्यांच्या वर असलेल्या पोकळीतील खास अवयवाने ती हवेतील प्राणवायू घेते, आणि त्यासाठी तिला थोड्या थोड्या वेळाने पृष्ठभागावर यावेच लागते. वर येऊ दिले नाही तर ती पाण्यातच गुदमरते. पाणी गार असताना तिच्या या फेऱ्या कमी होतात, पण थांबत नाहीत. त्यामुळे ती खोल, मोकळ्या पाण्यात न राहता उथळ, वनस्पतींनी भरलेल्या काठाला राहते, आणि थंडीत त्यातही जेथे दुपारचे ऊन लागते व उत्तरेचा वारा पाळीमुळे किंवा झाडीमुळे अडतो अशा कोपऱ्यात सापडते. बेशरमीच्या झुडपांची पाण्यात उतरलेली फांदोटी, कमळाची वाळत चाललेली पाने, शिंगाड्याच्या वेलाचे उरलेले जाळे, ही तिची हिवाळ्यातील घरे. अमेरिकी सल्ल्यातून म्हणूनच आपण एवढेच घ्यावे की ल्युअर लहान असावा, हळू ओढावा, आणि तो खाली जात असतानाही मासा घेतो याचे भान ठेवावे. खोली आणि वजन या दोन गोष्टी तिकडेच राहू द्याव्यात. वीस-तीस ग्रॅमचा जिग उथळ तलावात टाकला तर तो गाळात रुतून बसतो आणि सोबत फक्त हायड्रिला या पाणवनस्पतीचा पुंजका घेऊन येतो.

आता पहिल्या क्रमांकाच्या ल्युअरविषयी. चपट्या शेपटीचा मऊ मासा दुकानात पाकिटात पाच-सहा नगांच्या हिशेबाने मिळतो, आणि त्यासाठी वाकड्या मानेचा, रुंद पोटाचा ऑफसेट गळ वेगळा घ्यावा लागतो. माशाच्या नाकातून गळाचे टोक घालून ते हनुवटीखाली काढायचे, गळ फिरवायचा, पोटातून वर आणायचा आणि पाठीच्या कातडीत टोक अगदी किंचित रुतवून ठेवायचे. तीन-साडेतीन इंची माशाला साधारण २/० किंवा ३/० क्रमांकाचा गळ शोभतो. असा बांधलेला मासा वेलीतून, काड्यांतून, कमळाच्या देठांमधून न अडकता सरकतो, आणि मरळीने जबडा आवळला की मऊ अंग दबून टोक बाहेर येते. हिवाळ्यात याचा मोठा लाभ असा की वजन न लावता तो पानाच्या कडेवरून पाण्यात सोडता येतो आणि तो इतक्या संथपणे खाली जातो की आळसावलेल्या मरळीलाही तो घेण्याचा मोह होतो. ओढताना रीलचे हँडल दोन-तीन वेळा फिरवायचे आणि थांबायचे. बहुतेक वेळा झटका बसत नाही, दोरी फक्त एका बाजूला चालू लागते. ती चालताना दिसली की उरलेली ढिलाई गुंडाळून मगच रॉड मारावा.

या प्रकारात एक पाकीट चांगले आणि दुसरे निकामी का ठरते, याचे उत्तर शेपटीच्या मुळाशी असते. शेपटीची चकती अंगाला ज्या ठिकाणी जोडलेली असते तो देठ जितका बारीक, तितकी ती कमी वेगात हलते. जाड देठाची शेपटी वेगाने ओढली तरच डोलते, आणि वेग तर हिवाळ्यात आपल्याला नको असतो. घरी पाण्याने भरलेल्या बादलीत मासा गळावर बांधून, दोरी हाताने धरून, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शक्य तितक्या सावकाश न्यावा. तेवढ्या अंतरात शेपटी हलली नाही तर ते पाकीट मार्चनंतरसाठी ठेवावे. दुसरी गोष्ट प्लास्टिकच्या मऊपणाची. साधे मऊ प्लास्टिक थंडीत थोडे कडक होते, म्हणून दुकानात जो मासा जेमतेम मऊ वाटतो, तो जानेवारीच्या सकाळी तलावावर रबरी खोडरबरासारखा लागतो. घेताना सर्वांत लिबलिबीत असेल तोच घ्यावा, जरी तो लवकर फाटत असला तरी. झी-मॅनसारख्या कंपन्यांचे अधिक चिवट आणि तरंगणारे वेगळ्या प्रकारचे प्लास्टिकही मिळते. ते फाटत नाही आणि वेलींच्या थरावरून ओढायला उत्तम असते, मात्र ते साध्या मऊ प्लास्टिकसोबत एकाच डबीत ठेवू नये, कारण दोन्ही एकमेकांच्या संपर्कात येऊन वितळतात आणि सगळा चिकट गोळा होतो. झूम कंपनीच्या सुपर फ्लूकसारखा, शेपटी दुभंगलेला, स्वतःहून काहीच न हलणारा मासाही मी हिवाळ्यात आवर्जून जवळ ठेवतो. त्याला हालचाल रॉडच्या टोकाने द्यावी लागते, पण सोडल्यावर तो आडवा राहून ज्या प्रकारे खाली जातो ते शेपटीवाल्या माशाला जमत नाही.

पोकळ बेडकाविषयी आमच्याकडे दोन टोकाची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो की थंडीत बेडूक जमिनीत दडून बसतात, मग मरळ बेडूक कशाला घेईल. दुसरा पक्ष वर्षभर बेडकाखेरीज काही लावतच नाही. मोठे बेडूक हिवाळ्यात दिसेनासे होतात हे खरे, पण पाण्याच्या कडेला बसणारे, पाय लागताच पृष्ठभागावरून टणाटण उड्या मारीत जाणारे लहान बेडूक जानेवारीच्या दुपारीही उन्हात बसलेले असतात. म्हणून बेडूक चालतो, पण तो त्याच मापाचा हवा : अंगाची लांबी चार-साडेचार सेंटिमीटर, वजन आठ-दहा ग्रॅम. पावसाळ्यातील सहा-सात सेंटिमीटरचा जाडजूड बेडूक या दिवसांत पेटीतच राहू द्यावा.

बेडूक निवडताना माझी मुख्य कसोटी दाबण्याची आहे. पोकळ बेडकाच्या पाठीला चिकटून दोन टोकांचा गळ असतो आणि मासा चावल्यावर अंग दबून ती टोके उघडी पडली तरच तो अडकतो. दुकानात बेडूक अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच दाबावा. टोके सहज पाठीच्या वर आली पाहिजेत, आणि बोट सोडताच अंग पुन्हा फुगून त्यांना झाकले पाहिजे. बोटावर जोर द्यावा लागत असेल तर तो बेडूक हिवाळ्यासाठी नाही, कारण दुकानातील उबेत जो एवढा ताठ आहे तो गार पाण्यात आणखी ताठ होणार आणि मरळीचे जबडे त्यावरून घसरून जाणार. स्वस्त बेडकांवर पाणी उसळते, पाने हलतात, आणि दोरी मात्र रिकामी येते, अशी जी तक्रार हिवाळ्यात सर्रास ऐकू येते, तिच्या मुळाशी बहुतेक वेळा माशाची चतुराई नसून हा ताठपणा असतो. यानंतर गळ ज्या छिद्रातून अंगात शिरतो ते पाहावे. ते सैल असेल तर बेडूक पाणी पितो, शेपटीकडून बुडू लागतो आणि दर तीन-चार फेकींनंतर पिळावा लागतो. पायांच्या जागी रबरी झालर असेल तर ती थोडी कातरून आखूड करावी. आखूड झालर कमी वेगात अधिक चांगली डुलते आणि झालरीचेच टोक धरून सुटणारे मासेही कमी होतात.

बेडूक वापरण्याची वेळ हिवाळ्यात आखूड असते. सकाळी अकरापूर्वी तो मी क्वचितच लावतो. ऊन चढून काठाचे पाणी कोमट झाले की पानांच्या थराखाली हालचाल सुरू होते, कुठे पान खालून उचलले जाते, कुठे मरळ हवा घेऊन गेल्याची वर्तुळे आणि मागोमाग बुडबुड्यांची ओळ दिसते. अशा जागेवर थेट बेडूक आपटू नये. चार-सहा हात पलीकडे, शक्य असल्यास पानावरच टाकावा, तेथून पाण्यात घसरू द्यावा आणि त्या जागेवर आणून पूर्ण थांबवावा. हे थांबणे पावसाळ्यात दोन क्षणांचे असते. हिवाळ्यात पृष्ठभागावरील तरंग पूर्ण विरेपर्यंत थांबावे. मरळीने घेतला तरी लगेच झटका देऊ नये, तिला तो तोंडात घेऊन खाली वळू द्यावे.

चमच्यांमध्ये माझी पसंती वेलींपासून संरक्षण देणाऱ्या तारेच्या, एकाच गळाच्या चमच्याला आहे. जॉन्सन कंपनीचा सिल्व्हर मिनो हा या घडणीचा जुना आणि प्रसिद्ध नमुना आहे. गळ चमच्यालाच पक्का जोडलेला असल्याने आणि तार टोकाच्या पुढे असल्याने तो विरळ वेलींतून चांगला निघतो, आणि वाऱ्याच्या दिवशी, जेव्हा वजन नसलेला मऊ मासा हवेतच मागे फिरतो, तेव्हा लांबवर फेकण्यासाठी त्याच्याइतका भरवशाचा दुसरा ल्युअर नाही. डिसेंबरपर्यंत पावसाळ्याचा गढूळपणा खाली बसून पाणी निवळलेले असते, म्हणून झगझगीत चांदीपेक्षा काळसर किंवा सोनेरी छटा घ्यावी. आपल्या तलावांत शॅडचे मरते थवे नसतात. मरळीचे खाणे म्हणजे लहान चिलापी, झिंगे, काठाचे किडे आणि बेडूक. चंदेरी लखलखाट हा त्यामुळे येथे अनोळखी ठरतो. रंगाविषयी मी याहून अधिक आग्रही नाही. गडद हिरवा किंवा तपकिरी पाठ आणि फिकट पोट एवढे असले म्हणजे पुरे. आकार आणि वेग बरोबर नसेल तर रंगाने काही साधत नाही.

फिरकी आणि कडक अंगाचे मासे यांच्याबद्दल थोडक्यात लिहितो. मेप्स आग्लियासारखी फिरकी हळू ओढली तरी पाते फिरते हा तिचा खरा गुण आहे, आणि धरणाच्या दगडी पिचिंगजवळच्या स्वच्छ पाण्यात तिचा उपयोग होतो. फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी १९३६ साली घडवलेल्या तरंगत्या माशाची आजही विकली जाणारी आवृत्ती, विशेषतः सात सेंटिमीटरची, संथ हालचालीत अतिशय नैसर्गिक वाटते. अडचण या ल्युअरच्या दर्जाची नसून आपल्या तलावांची आहे. पोटाशी तिहेरी गळ लटकत असेल तर कमळाच्या पहिल्याच देठाला तो धरतो. रामटेक, कुही, भिवापूरकडील माजी मालगुजारी (मालगुजारांच्या काळातील जुन्या) तलावांत तर उघडे पाणी शोधावे लागते. ज्यांना हे मासे वापरायचेच आहेत त्यांनी तिहेरी गळ काढून शेपटीला एकच गळ लावावा. मासा सोडून द्यायचा असल्यास त्याच्या तोंडाची इजाही त्यामुळे कमी होते.

किमतींमध्ये फार मोठी तफावत आहे. बेडूक दीडशे-दोनशे रुपयांपासून मिळतो आणि आयात केलेला हजाराच्या घरात जातो. माझ्या मते जास्तीचे पैसे गळाच्या पोलादासाठी मोजावेत, रंगकामासाठी नव्हे. एका दुकानातून घेतलेल्या पाकिटावरील छपाई देखणी होती, पण आतील गळ अंगठ्याने दाबल्यावर सरळ होत होता आणि एकदा भिजल्यावर डबीत गंजून शेजारच्या माशांनाही तांबडे डाग पाडून गेला. असा माल परत घेण्यास दुकानदार तयार नसतात, म्हणून तपासणी पैसे देण्यापूर्वीच करावी : टोक नखावर तिरके टेकवून हलकेच ओढावे, ते रुतून थांबले तर धारदार, घसरले तर बोथट. ऑनलाइन मागवताना ही सोय नसते, त्यामुळे बेडूक मी प्रत्यक्ष पाहूनच घेतो आणि मऊ मासे व सुटे गळ तेवढे मागवतो.

दोरी विणलेली असावी. साधी नायलॉनची दोरी थंडीत रीलवरून वेटोळ्यांसकट उतरते, आणि वजनाशिवाय टाकलेल्या मऊ माशाचा हलका स्पर्श त्या वेटोळ्यांतच हरवतो. मरळ वेलींच्या आत घुसते तेव्हा तिला ओढून काढण्यासाठीही विणलेल्या दोरीचा न ताणला जाण्याचा गुण लागतो. मात्र गुंतलेली, तोडलेली दोरी काठावर टाकून येऊ नये. याच महिन्यांत चक्रवाक, पट्टकादंब आणि कितीतरी बदके आपल्या तलावांवर उतरलेली असतात, आणि पायात दोरी अडकलेला पक्षी उडू शकत नाही. प्रत्येक ल्युअरच्या पेटीत दोरीचे तुकडे ठेवण्यासाठी एक रिकामा कप्पा असलाच पाहिजे.

ल्युअर घेऊन कोठे जायचे हा प्रश्नही खरेदीशीच जोडलेला आहे. तोतलाडोह जलाशय पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो आणि तेथे मासेमारीला बंदी आहे, त्यामुळे तेथील खोल पाण्यासाठी सामान घेण्याचा विचारच करू नये. इतर बहुतेक तलावांचा मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. ढीवर समाजाचे हे लोक त्या पाण्यात बोटुकली (माशांची बोटाएवढी पिले) सोडतात, राखण करतात आणि त्यावर त्यांचे घर चालते. आधी भेटून परवानगी घेणे, मागतील ते शुल्क देणे आणि त्यांची जाळी लावलेली बाजू सोडून बसणे हे आपले कर्तव्य आहे. त्या भेटीत ल्युअरच्या निवडीसाठी उपयोगी पडणारी माहितीही मिळते, कारण पाणी कोणत्या बाजूला किती उतरले, शिंगाड्याचा वेल कोठे काढला आणि कोठे ठेवला, हे त्यांच्याइतके नेमके कोणालाच माहीत नसते. वेल काढलेला असेल तर चमचा किंवा फिरकी, ठेवलेला असेल तर मऊ मासा आणि बेडूक, असा निर्णय पेटी उघडण्यापूर्वीच होऊन जातो.

फेब्रुवारी सरत आला आणि रात्रीचा गारठा ओसरला की ही सगळी व्यवस्था हळूहळू बदलू लागते. प्रथम बेडकाची वेळ सकाळकडे सरकते, मग मोठा आकार चालू लागतो, आणि जाड देठाच्या शेपटीचे जे मासे बादलीतील चाचणीत नापास झाले होते, तेही होळीच्या सुमारास बाहेर काढता येतात.